अंतरा कुठी गेला?

परवा लंच टाइमला ऑफिसात वाद रंगला. रिमिक्स म्हणजे गाण्याची वाट लावणं, की गाण्याला दुसरा जन्म? मी म्हटलं, बॉस, आधी ‘ब्रिमफुल ऑफ आशा’ ऐका.

कॉर्नरशॉप हा इंग्लंडमधला बँड. त्यातल्या तजिंदर सिंगनं १९९७ मध्ये चक्क आपल्या आशाताईंवर गाणं केलं. निवांत गिटार, पार्श्वगायिकांची आठवण, ४५ आरपीएमच्या तबकड्यांवरचं प्रेम. ब्रिटिश चार्टवर ते ६० व्या नंबरला जाऊन थबकलं. मग नॉर्मन कुक, म्हणजे आपला फॅटबॉय स्लिम, त्यानं वेग वाढवला, सूर चढवला, खाली दणकट बीट टाकला. फेब्रुवारी १९९८ मध्ये तेच गाणं थेट नंबर वन!

गंमत म्हणजे त्यात आशाताईंचा आवाज नाहीच. पण त्यांना स्वतःला रिमिक्सचं वावडं नव्हतं. नव्वदच्या दशकात त्यांनी आर. डीं.ची गाणी नव्या ठेक्यावर आणली. ‘उमराव जान’मध्ये त्यांच्याकडून गाऊन घेणाऱ्या खय्यामसाहेबांनाही ते रुचलं नाही. मी मात्र आशाताईंच्या पार्टीत. गाणारीलाच नवा ठेका हवा असेल, तर आपण कोण अडवणारे?

२००२ च्या ‘कांटा लगा’चं तसं नाही. मूळ गाणं लताबाईंचं, १९७२ च्या ‘समाधी’तलं. रिमिक्सच्या व्हिडिओत नाचणारी मुलगी सगळ्यांना आठवते. आता गाणारीचं नाव विचारा बरं कुणाला!

मागच्या उन्हाळ्यात मेहकरला चुलतभावाच्या वरातीत डीजेनं ‘पिया तू’ लावलं. छाती हादरवणारा बेस, मुखडा, पुन्हा मुखडा, आणि लगेच पुढचं गाणं. आम्ही जाम नाचलो. साठी ओलांडलेली आत्याही नाचत होती. एकदम थांबून म्हणाली, “अंतरा कुठी गेला रे बापा?”

डीजेचाही नाइलाजच. ठेका मोडला की पोरं पाणी प्यायला पळतात. पण अंतराच गेला तर श्वास रोखणारी, लाडात येणारी, मध्येच खट्याळ होणारी आशा कळणार कुठून? उरतो फक्त ठेका, आणि तो कुठल्याही गाण्याला लागतो.

तेव्हा वीकएंडला बिनधास्त नाचा. फक्त सोमवारी लोकलमध्ये किंवा ट्रॅफिकमध्ये अडकाल, तेव्हा हेडफोन लावून १९७१ च्या ‘कारवाँ’तलं अख्खं गाणं ऐका. अंतऱ्यासकट.