जामिनाची सही

गेल्या महिन्यात माझा एक जुना विद्यार्थी आपल्या मुलाला घेऊन खराडीच्या माझ्या घरी आला. तो मराठवाड्यातील एका साखर कारखान्यात कारकून आहे. मुलगा वाणिज्य पदवीधर असून येथल्याच इऑन आयटी पार्कमधील एका कचेरीत रात्रपाळीला परदेशी कंपन्यांची बिले तपासतो. पगार दरमहा २२ हजार. ही नोकरी सोडून त्याला एका खासगी संस्थेत एम.बी.ए. करावयाचे आहे. त्यासाठी बँकेचे सात लाखांचे कर्ज काढावयाचे आणि त्या कर्जाला मी जामीन राहावे, अशी दोघांची विनंती होती.

आम्ही कागद घेऊन हिशेबाला बसलो. अकरा टक्के व्याज धरले आणि दोन वर्षांच्या शिक्षणकाळातील व्याज मुद्दलात मिळवले, तर सात वर्षे दरमहा सुमारे १४ हजारांचा हप्ता बसतो. म्हणजे सात लाखांचे पावणेबारा लाख होतात. त्याखेरीज दोन वर्षांचा बुडालेला पगार सव्वापाच लाखांवर जातो. हा खर्च कोणत्याही माहितीपत्रकात छापलेला नसतो. वस्तुतः तोही शिक्षणाचाच खर्च होय. वसतिगृह आणि खानावळ यांचे पैसे बाप भविष्यनिर्वाह निधीतून काढणार होता.

माहितीपत्रकात मात्र ‘सरासरी वार्षिक वेतन’ मोठ्या अक्षरांत छापलेले होते. या सरासरीइतकी फसवी संख्या दुसरी नाही. दहा विद्यार्थ्यांपैकी एकाला वर्षाला ३० लाख आणि उरलेल्या नऊ जणांना ४-४ लाख मिळाले, तर सरासरी ६ लाख ६० हजार निघते. परंतु तेवढे वेतन दहांपैकी कोणालाच मिळालेले नसते. ज्यांना नोकरीच मिळाली नाही, त्यांना तर या हिशेबात बहुधा धरलेलेही नसते. ४ लाख म्हणजे महिना ३३ हजार. त्यातून हप्ता वजा जाता १९ हजार उरतात. आज मिळणाऱ्या पगाराहून हे तीन हजारांनी कमी, आणि तेही सात वर्षे!

मग हा मुलगा मूर्ख आहे काय? मुळीच नाही. त्याच्या कचेरीत एका विशिष्ट पायरीच्या वर पदव्युत्तर पदवीवाचून बढती नाही. तो जे काम करतो, त्याचीच देखरेख करणारा वरिष्ठ त्याच्याहून ते काम कमी जाणतो; परंतु पदवी त्या वरिष्ठापाशी आहे. गॅरी बेकर यांनी १९६४ साली शिक्षणाला ‘मानवी भांडवल’ म्हटले. पुढे १९७३ मध्ये मायकेल स्पेन्स यांनी दाखवून दिले की, शिक्षणाने माणसाची कार्यक्षमता तसूभर वाढली नाही तरीही पदवीला बाजारात किंमत येऊ शकते, कारण मालकाला ती उमेदवार निवडण्याची चाळणी म्हणून उपयोगी पडते. चाळणी मालकाच्या उपयोगाची. तिचा खर्च मात्र साखर कारखान्यातील कारकुनाने सोसावयाचा! पूर्वी कंपन्या माणसे घेत आणि स्वतःच्या खर्चाने घडवीत. १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा त्याच विचारातून आला, आणि २०१४ च्या दुरुस्तीने अभियांत्रिकीबाहेरच्या पदवीधरांनाही त्यात जागा झाली. खराडीतील काचेच्या इमारतींना त्याची आठवण कोणी करून द्यावयाची?

त्याच १९६१ साली कलकत्ता आणि अहमदाबाद येथे सार्वजनिक पैशाच्या आधाराने व्यवस्थापन संस्था उभ्या राहिल्या. २००४ मध्ये मुरली मनोहर जोशी यांनी या संस्थांचे वार्षिक शुल्क दीड लाखांवरून ३० हजारांवर आणण्याचा आदेश काढला, तेव्हा स्वायत्ततेच्या नावाने केवढा गहजब झाला! जोशींच्या पक्षाशी आमचे काडीचे जुळत नाही. तो आदेशही विचारपूर्वक काढलेला नव्हता. परंतु त्यानंतर काय झाले? २००८ मध्ये अहमदाबादचे दोन वर्षांचे शुल्क साडेअकरा लाखांवर गेले. आज ते पंचवीस लाखांच्या आसपास आहे. तेथील पदवीधराला हे कर्ज फेडता येते, हे खरे. पण त्यासाठी त्याला सर्वाधिक पगार देणाऱ्याच्याच दाराशी उभे राहावे लागते. सहकारी संस्था, नगरपालिका वा सार्वजनिक रुग्णालय यांना तो परवडत नाही, आणि त्यालाही त्या परवडत नाहीत.

पुणे विद्यापीठाचा व्यवस्थापन विभाग १९७१ पासून, तर मुंबई विद्यापीठाची जमनालाल बजाज संस्था १९६५ पासून चालू आहे. तेथे प्रवेश मिळाला तर पदवीचा खर्च वसूल होतो, असे माझे मत आहे. पण अशा जागा मूठभर. सरकारने त्या वाढवावयाच्या सोडून कर्जाची सोय वाढविली. २०२४ च्या विद्यालक्ष्मी योजनेत निवडक संस्थांसाठी व्याजात सवलत आहे. शुल्काला मात्र तिने हात लावलेला नाही. कर्ज सुलभ झाले की शुल्क वाढविणे सोपे जाते, हे सांगावयास अर्थशास्त्रज्ञ कशाला हवा? निदान प्रत्येक संस्थेने संपूर्ण वर्गाचे वेतन, बेकार राहिलेल्यांसकट, लेखापरीक्षकाच्या सहीने प्रसिद्ध करावे, एवढी सक्ती तरी शासनाने केलीच पाहिजे.

मी त्या दोघांना म्हटले, गेल्या वर्षीच्या संपूर्ण वर्गाची वेतनाची यादी संस्थेकडून लेखी आणा, मी सही करतो. आठ दिवसांनी ते परत आले. संस्थेने त्यांना तेच माहितीपत्रक पुन्हा दिले होते. मी सही केली नाही. नोकरी चालू ठेवून पुढल्या वर्षी सीईटी पुन्हा द्यावी, विद्यापीठाच्या विभागासाठी प्रयत्न करावा, अभ्यासाला रोज माझ्याकडे यावे, असे मुलाला सांगितले. मुलगा गप्प राहिला. ‘सर, तुमच्या वेळी हे सगळं फुकट होतं,’ एवढेच त्याचा बाप म्हणाला, आणि दुसरा जामीन शोधतो असे सांगून उठला.