ट्रकवरचं घर: सोफा नंतर बघा, आधी बोल्ट बघा

2021 मध्ये महाराष्ट्राने कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणलं, त्याच वर्षी केरळनेही आणलं. तेव्हापासून चाकांवरच्या घरांबद्दलची उत्सुकता वाढतेच आहे. रील्समध्ये बेड दिसतो, शेगडी दिसते, टपावरचं सोलर पॅनल दिसतं. मी मात्र अशा व्हिडिओत एकच जागा शोधतो: ती खोली ट्रकच्या चासीला जिथे जोडलीय ती. बहुतेक वेळा ती दाखवतच नाहीत. पण खोली टिकणार की फुटणार, हे तिथेच ठरतं.

चासी पिळते, आणि ती पिळायलाच हवी

ट्रकची चासी म्हणजे जमिनीवर आडवी ठेवलेली शिडी. दोन लांब लोखंडी पट्ट्या आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या. लांब पट्ट्यांचा आकार इंग्रजी 'सी' अक्षरासारखा, म्हणजे एका बाजूने उघडा. असा आकार वजन उत्तम पेलतो, पण पीळ दिला की सहज वळतो.

हा दोष नाही. एक चाक खड्ड्यात गेलं की चासी थोडी पिळते, त्यामुळे बाकीची चाकं जमीन सोडत नाहीत आणि पकड टिकते.

घरी करून बघा. बुटांच्या खोक्याचं झाकण काढून दोन्ही टोकांना उलटसुलट पीळ द्या. खोका लगेच वळेल. आता झाकण चिकटपट्टीने पक्कं बंद करून पुन्हा पीळ द्या. हलणारही नाही. चासी म्हणजे उघडा खोका आणि कॅम्परची खोली म्हणजे बंद खोका.

दोघांना घट्ट बांधलं तर?

समजा, चासीच्या पुढच्या आणि मागच्या टोकात फक्त 5 अंशांचा पीळ पडला. 2 मीटर रुंद खोलीच्या एका कोपऱ्याला तेवढ्याने सुमारे 17 सेंटीमीटर वर-खाली व्हावं लागेल. दोन्ही बाजूंना फायबरचे पत्रे आणि मधे फोम असलेली भिंत एवढी वळत नाही. मग काहीतरी हार मानतं: भिंत, बोल्ट, नाहीतर खुद्द चासी. तडे सहसा दार-खिडक्यांच्या कोपऱ्यांपासून सुरू होतात, कारण ताण तिथेच एकवटतो. मग पावसाचं पाणी आत शिरतं आणि फोम पत्र्यापासून सुटायला लागतो.

"पण आपल्याकडे मालाच्या ट्रकची बॉडी यू-बोल्टनेच आवळतात की!" बरोबर. पण ती वरून उघडी असते, आणि जुन्या बॉडीत तर लाकूडही असतं. ती चासीबरोबर थोडी वळते. बंद खोलीला ही सवलत नाही.

तिवईची युक्ती

उंचसखल जमिनीवर चौरंग डुगडुगतो, तिवई नाही. तीन पाय कुठेही टेकतात. तीन-बिंदू जोडणी याच तत्त्वावर चालते: उदाहरणार्थ, मागे दोन आधार आणि पुढे मधोमध एक फिरता सांधा. खाली चासी पिळते, वर खोली शांत. मर्सिडीजच्या उनिमॉगची चासी मुद्दाम लवचीक ठेवलेली असते, म्हणून तिच्यावरच्या खोल्या अशाच तीन किंवा चार बिंदूंवर बसवतात.

तोटा असा, की सगळं वजन मोजक्याच जागी येतं. म्हणून दुसरा मार्ग स्प्रिंगचा: खोलीखालची फ्रेम चासीवर लांबीभर टेकते, मागे पक्की असते आणि पुढे स्प्रिंगवर थोडी उचलली जाते. प्रवास बहुतेक डांबरी रस्त्यांवर असेल तर मी हाच निवडेन. केबिनमधून खोलीत जायला वाट हवी असेल तर मधे रबरी घडीचा जोड लागतोच, कारण केबिन आणि खोली वेगवेगळ्या हलतात.

कायदा काय म्हणतो?

आरसी बुकातल्या मूळ रचनेत मनाला येईल तसे बदल करायला मोटार वाहन कायद्याचं कलम 52 मनाई करतं. मोटार कॅराव्हॅनसाठी एआयएस-124 हे वेगळं मानक आहे, आणि वाहनं तपासून प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांपैकी एआरएआय आपल्या पुण्यातच आहे. म्हणजे नियम आहेत. पण मंजुरी मिळते ती नव्या गाडीला. चार पावसाळे खड्ड्यांतून काढल्यावर तिच्या जोडांचं काय झालंय, हे भाड्याने घेणाऱ्याला कोण सांगणार? माझ्या मते कॅराव्हॅन पर्यटन वाढवायचं असेल तर पार्किंग आणि चार्जिंगइतकीच या नियमित तपासणीवर चर्चा व्हायला हवी.

तोवर पैसे देण्याआधी हे विचारा:

- जोडणी ट्रक कंपनीच्या बॉडी-बिल्डर सूचनांप्रमाणे आहे का?
- चासीवर वेल्डिंग केलंय का, किंवा पट्टीच्या वरच्या-खालच्या कडांना भोकं पाडलीत का? कंपन्या सहसा दोन्हीला मनाई करतात.
- पुढचा जोड हलू शकतो का?
- आरसीवर गाडीची नोंद कॅराव्हॅन म्हणून आहे का?

आणि एक साधी चाचणी. चालकाला पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक हळूच उंचवट्यावर चढवायला सांगा. गाडी नीट थांबली, हँडब्रेक लागला, की खोलीचं दार उघडा. ते अडकलं, तर पीळ थेट भिंतीत पोचतोय. ती गाडी घेऊ नका.