सोलापूरचा मार्शल लॉ आणि चार फाशी

मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना लष्करी न्यायालयाने फासावर चढवले, असा समज सहज होतो. वस्तुस्थिती वेगळी आहे, आणि अधिक अस्वस्थ करणारी.

गांधीजींच्या अटकेनंतर ८ मे १९३० रोजी सोलापुरात गोळीबार झाला. संतप्त जमावापुढे पोलीस हटले. काही दिवस शहरावर सरकारचा ताबा जवळजवळ उरला नाही. १२ मे रोजी मार्शल लॉ पुकारला गेला. पाठोपाठ व्हाइसरॉय आयर्विन यांच्या वटहुकुमाने त्याला कायद्याचे कवच मिळाले. लष्करी न्यायालये बसली. गांधी टोपी आणि तिरंगासुद्धा अपराध ठरले! हा अंमल ३० जूनपर्यंत टिकला.

चौघांवरील पोलिसांच्या हत्येचा खटला मात्र साध्या सत्र न्यायालयात चालला. मुंबई उच्च न्यायालयात अपीलही झाले. येरवड्यात फाशी झाली ती १२ जानेवारी १९३१ रोजी, मार्शल लॉ उठून सहा महिने लोटल्यावर.

फिलिपीन्समध्ये मार्कोस यांनी १९७२ मध्ये मार्शल लॉ लादला, तेव्हाही सर्वोच्च न्यायालय चालूच होते. निनॉय अक्विनो या मुलकी विरोधकाचा खटला लष्करी आयोगाने चालवावा, यास त्याच न्यायालयाने १९७५ मध्ये मान्यता दिली. दोन वर्षांनी आयोगाने मृत्युदंड सुनावला, पण तो अमलात आला नाही. सोलापूरच्या चौघांना मुलकी न्यायालयांची सारी पायरी चढूनही जीव वाचवता आला नाही. म्हणून ‘मार्शल लॉचे बळी’ हे वर्णन त्या न्यायाधीशांना फार स्वस्तात सोडून देते.