यजमान कोण?

गृहनिर्माण संस्थेच्या कारभाराविषयी कोणी चार शब्द बोलू लागला की त्याचे तोंड बंद करण्यासाठी एक ठरलेले वाक्य पुढे केले जाते: “ती बिचारी माणसे फुकट राबतात, त्यांना हिशेब कसला विचारायचा?” पणजी-मडगावच्या इमारतींत, बेळगावच्या वसाहतींत, बडोद्याच्या सोसायट्यांत आणि इंदूरच्या कॉलन्यांत हे वाक्य सारख्याच सुरात उच्चारले जाते, आणि विचारणारा सभ्य गृहस्थ ओशाळून खाली बसतो. या एका वाक्याने गृहसंस्थांचे जितके नुकसान केले आहे तितके गळक्या गच्च्यांनी आणि अप्रामाणिक बिल्डरांनीही केले नसेल, असे आमचे स्पष्ट मत आहे. ते मांडण्यासाठीच हा लेख.

या वाक्यास आपल्या समाजात इतका मान का मिळावा, हे समजणे कठीण नाही. आपण देवळाच्या छायेत वाढलेली माणसे. सेवा करणाऱ्याचे दोष काढू नयेत, पालखीला खांदा देणाऱ्याची उलटतपासणी करू नये, असा संस्कार आपणांवर लहानपणापासून झालेला असतो. संस्कार चांगलाच आहे. परंतु देवळातून तो उचलून घरी आणताना आपण त्याचा अर्धाच भाग आणला, आणि महत्त्वाचा अर्धा देवळातच विसरलो.

गोव्यातील देवस्थानांचाच दाखला घ्यावा. पोर्तुगीज अमदानीत प्रथम १८८६ साली आणि पुढे १९३३ साली देवस्थानांच्या कारभाराचे नियमन झाले. त्यांपैकी १९३३ चे नियमन आजही अमलात आहे. महाजनांनी निवडून दिलेली समिती, तीत अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार आणि मुखत्यार, आणि या साऱ्यांवर देवस्थानांचा प्रशासक या नात्याने मामलेदाराची देखरेख, अशी ती रचना आहे. ‘मुखत्यार’ या शब्दाचा अर्थच मुळी दुसऱ्याच्या वतीने काम पाहणारा. देवाची मिळकत कोणा एकाची नाही, म्हणूनच तिचा हिशेब ठेवायचा आणि तो महाजनांपुढे मांडायचा. जेथे तो नीट मांडला जात नाही तेथे महाजनांचे तंटे वर्षानुवर्षे कोर्टात रेंगाळतात, हेही आपण पाहतोच. तात्पर्य, सेवा आणि हिशेब यांत विरोध आहे, ही कल्पना आपल्या देवस्थानांनी कधीच मान्य केलेली नाही. ती आपल्या इमारतींच्या जिन्यात जन्मास आली.

आता गृहसंस्थेकडे वळू. या संस्थेचा इतिहास आपणांस परका नाही. १९०४ चा सहकारी कायदा केवळ पतसंस्थांपुरता होता. १९१२ च्या कायद्याने इतर प्रकारच्या सहकारी संस्थांना वाट मोकळी झाली. त्यानंतर अवघ्या तीन वर्षांत, १९१५ साली, मुंबईत गावदेवी येथे सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी उभी राहिली. तिच्यामागे पुढाकार होता तो राव बहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी यांचा. १९०६ साली शामराव विठ्ठल सहकारी बँकेचा पाया घालणारे तेच हे गृहस्थ. कानडा जिल्ह्यातून पोटापाण्यासाठी मुंबईस आलेल्या, घरी कोंकणी बोलणाऱ्या मध्यमवर्गीय कुटुंबांनी ठरविले की, भाडे घेणारा निराळा आणि भाडे देणारा निराळा, ही स्थितीच नको. राहणाऱ्यांनी मिळूनच आपले मालक व्हावे. सहकारी गृहसंस्थेचे सारे मर्म या एका निश्चयात आहे. ज्या घरमालकापासून सुटण्यासाठी ही संस्था निर्माण झाली, त्या घरमालकाच्या गादीवर आज चिटणीस महाशय बसले असतील, तर तो त्या संस्थापकांचा पराभव म्हटला पाहिजे.

कायदा याविषयी काय सांगतो? महाराष्ट्राचा सहकारी संस्था कायदा १९६० चा आहे. मध्य प्रदेशाचाही १९६० चा, गुजरातचा १९६१ चा, कर्नाटकाचा १९५९ चा. गोव्यास पूर्वी महाराष्ट्राचाच कायदा लागू होता, २००१ साली गोव्याने आपला स्वतंत्र कायदा केला. २०११ च्या ९७ व्या घटनादुरुस्तीने सहकारी संस्था स्थापन करण्याचा हक्क घटनेच्या १९ व्या कलमात घातला. त्याच दुरुस्तीतील कारभाराविषयीचा भाग मात्र राज्यांतर्गत संस्थांना लागू होत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२१ मध्ये दिला. म्हणून प्रत्येकाने आपल्या राज्याचा कायदा आणि आपल्या संस्थेचे उपविधी हेच प्रमाण मानून वाचले पाहिजेत. कर्नाटकासारख्या ठिकाणी १९७२ च्या सदनिका-मालकी कायद्याखालील मालकसंघही आहेत. तपशील निराळे असले, तरी मूळ तत्त्वात फरक नाही. ते तत्त्व महाराष्ट्राच्या कायद्याच्या ७२ व्या कलमात स्वच्छ लिहिलेले आहे: संस्थेचा अंतिम अधिकार सर्वसाधारण सभेचा. समिती तिने नेमलेली, तिला जबाबदार. आणि त्या सभेत सभासदास मत एकच, मग त्याची सदनिका दोन खोल्यांची असो की पाच खोल्यांची.

यास्तव समितीचा ठराव म्हणजे कायदा, हा समज प्रथम टाकून दिला पाहिजे. नियमांना पायऱ्या आहेत. सर्वांत वर कायदा, त्याखाली शासनाचे नियम व निर्देश, त्याखाली निबंधकाने नोंदलेले उपविधी, त्याखाली सर्वसाधारण सभेचे ठराव, आणि अगदी शेवटी समितीचा निर्णय. खालच्या पायरीवरील माणसाला वरची पायरी मोडता येत नाही. सूचनाफलकावर लावलेला कागद या पायऱ्यांपैकी कोणत्या पायरीवरून आला आहे, हे विचारणे म्हणजे भांडण उकरून काढणे नव्हे.

एक उदाहरण पाहू. सदनिका विकली जाते, तेव्हा मुंबईपुण्याकडील पुष्कळ समित्या ‘देणगी’ मागतात. महाराष्ट्र शासनाच्या ऑगस्ट २००१ च्या परिपत्रकाने महानगरपालिका क्षेत्रातील हस्तांतर शुल्कास २५,००० रुपयांची कमाल मर्यादा घातली आहे, आणि त्यावर देणगी वा अन्य कोणत्याही नावाने रक्कम मागण्यास मनाई केली आहे. घर भाड्याने दिल्यास घ्यावयाचा बिनभोगवटा आकारही, त्याच महिन्यातील दुसऱ्या परिपत्रकानुसार, सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून अधिक असू शकत नाही, आणि त्या हिशेबात महापालिकेचे कर धरावयाचे नाहीत. तरीही लाखाच्या घरात देणग्या मागितल्या जातात आणि मुकाट्याने दिल्या जातात. आपणांस, निदान देवळाशी नाते असलेल्यांस, ‘देणगी’ या शब्दाचा अर्थ कोणी शिकविण्याची गरज नसावी. फंडपेटीत भाविक जे टाकतो ती देणगी. ना-हरकत दाखला अडकवून जी वसूल होते तिला पावती दिली तरी देणगी म्हणता येत नाही.

येथेच आमच्या वाचकांस न रुचणारी एक गोष्ट सांगणे भाग आहे. इमारतीत सत्यनारायण होतो, गणेशोत्सव होतो, नवरात्र होते. व्हावे; त्यात आम्हांसही आनंद आहे. परंतु त्याचा खर्च दरमहा सक्तीने घेतल्या जाणाऱ्या मेन्टेनन्सच्या पैशांतून होतो तेव्हा त्या उत्सवाचे पावित्र्य वाढते काय? त्याच जिन्यावर राहणाऱ्या ख्रिस्ती किंवा मुसलमान कुटुंबाने पाण्याच्या पंपासाठी आणि पहारेकऱ्याच्या पगारासाठी दिलेला पैसा पूजेकडे वळविणे, हे आमच्या मते नीतीस धरून नाही. देवाच्या कार्यास वर्गणी स्वखुशीची असावी, तिची वही निराळी असावी, आणि ज्याने दिली नाही त्याच्याकडे वाकड्या नजरेने पाहू नये. वर्गणीचा रिवाज देवळाने घालून दिलेला आहे. तो सोडून सक्तीचा मार्ग धरणारा देवाची सेवा करतो, असे आम्हांस वाटत नाही.

सभासदत्वाविषयीही असेच. सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली अहमदाबादच्या पारशी गृहसंस्थेच्या खटल्यात, विशिष्ट समाजापुरते सभासदत्व ठेवणारा नोंदणीकृत उपविधी वैध ठरविला. या निर्णयाचा आधार घेऊन कित्येक समित्या, आपल्या उपविधींत असे एक अक्षरही नसताना, आडनाव आणि आहार पाहून खरेदीदारास वाटेला लावतात. हा आधार पोकळ आहे. न्यायालयाने मान्य केला तो सभासदांनी आरंभी आपापसांत केलेला, नोंदलेला करार. चिटणीसाच्या मनातील आवडनिवड नव्हे. पात्र व्यक्तीस पुरेशा कारणावाचून सभासदत्व नाकारता येत नाही, असे महाराष्ट्राच्या कायद्याचे २३ वे कलम सांगते.

आतापर्यंत आम्ही समित्यांस बोल लावला. परंतु त्यांना निरंकुश केले कोणी? उत्तर सोपे आहे: सभेस न जाणाऱ्या सभासदाने. महाराष्ट्रातील आदर्श उपविधींनुसार सर्वसाधारण सभेची गणपूर्ती म्हणजे एकूण सभासदांपैकी दोन-तृतीयांश किंवा २०, यांतील जी संख्या कमी ती. अर्ध्या तासात तितकी माणसे जमली नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभा पुन्हा भरली की तिला गणपूर्तीचे बंधन उरत नाही. म्हणजे समितीची पाच-सात माणसे आणि रिकाम्या खुर्च्या यांनी केलेला ठराव आपल्या घरावर लागू होतो, आणि आपण त्या वेळी घरात दूरदर्शन संच पाहत असतो! पुनर्विकासाचा प्रश्न आला म्हणजे हे औदासीन्य किती महाग पडते ते कळते. महाराष्ट्रात जुलै २०१९ च्या शासननिर्देशाने पुनर्विकासासाठी एकूण सभासदांपैकी निम्म्याहून अधिकांची संमती आणि सभेचे चित्रीकरण आवश्यक केले, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट. परंतु विकासक कोण, करार काय, नवे घर केवढे आणि बांधकाम चालू असताना राहायचे कोठे, हे प्रश्न सभेत न विचारणाऱ्यास ते पुढे वकिलाच्या कचेरीत विचारावे लागतात, आणि तेथे उत्तरे उशिरा मिळतात.

दुसऱ्या टोकाचा सभासदही आम्हांस ठाऊक आहे. समितीवर राग आला म्हणून हा मेन्टेनन्सच देणे बंद करतो आणि त्यास सत्याग्रह म्हणतो. लिफ्ट, पाणी, दिवे यांचा उपभोग मात्र चालूच असतो. कायदा यास थारा देत नाही. निबंधकाकडून वसुलीचा दाखला मिळवून संस्था ती थकबाकी जमीन महसुलाप्रमाणे वसूल करू शकते. तक्रार असेल तर पैसे भरावेत, निषेध लेखी नोंदवावा, आणि दाद मागावी. हक्काची भाषा त्यालाच शोभते ज्याची बाकी शून्य आहे.

“इतके प्रश्न विचारले तर समितीवर येणार तरी कोण?” असा आक्षेप आम्हांवर घेतला जाईल. आक्षेपात तथ्य नाही असे नाही. नोकरीधंदा सांभाळून प्लंबर, महापालिका आणि शेजाऱ्यांची भांडणे यांच्यामागे धावणारी माणसे आदरास पात्रच आहेत. परंतु प्रामाणिक कार्यकर्त्याचा खरा रक्षक हिशेबच असतो. दर वर्षी जमाखर्च सभेपुढे आला, लेखापरीक्षण झाले, इतिवृत्त वेळेवर लिहिले गेले, तर कुजबुजीला जागा उरत नाही. हिशेब झाकला की प्रामाणिक आणि लबाड हे दोघेही दुरून सारखेच दिसू लागतात; त्यात तोटा प्रामाणिकाचा होतो. आजवर ज्यांनी चांगली माणसे समितीतून पिटाळली ती अफवांनी, जमाखर्चाच्या वहीने नव्हे.

मग सभासदाने करावे काय? आपल्या संस्थेचे उपविधी मिळवावेत आणि एकदा तरी आरंभापासून शेवटपर्यंत वाचावेत. ताळेबंद, सभासदांची नोंदवही आणि सभांची इतिवृत्ते पाहण्याचा, तसेच ठरलेली फी भरून त्यांच्या प्रती मिळविण्याचा हक्क कायद्याने दिलेला आहे. तो विनयाने, पण लेखी बजावावा. महाराष्ट्रात वार्षिक सभा ३० सप्टेंबरपूर्वी व्हावयास हवी आणि तिची सूचना १४ दिवस आधी मिळावयास हवी. सूचनेबरोबर आलेला जमाखर्च वाचून सभेस जावे. समिती सभाच बोलावीत नसेल तर एक-पंचमांश सभासदांनी लेखी मागणी केल्यास तिला एका महिन्यात विशेष सभा बोलवावी लागते. आणि पाच वर्षांनी निवडणूक येईल तेव्हा, ज्यांना उणेदुणे काढता येते त्यांनी उमेदवारीचा अर्जही भरावा.

देवकार्यात यजमान सोवळे नेसून पाटावर बसतो, संकल्प सोडतो आणि शेवटपर्यंत उठत नाही. कार्य पुरोहितावर सोपवून तो बाजारात निघून गेला तर त्यास कोणी यजमान म्हणणार नाही. गृहसंस्थेचे यजमान सभासद आहेत. त्यांनी पाटावर येऊन बसावे, एवढेच आमचे मागणे आहे.