मोटार घरीच ठेवा

१९५५ पासून राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिरवणाऱ्या ताडोबास जाण्यासाठी आमच्या एका स्नेह्यांनी या आठवड्यात मोटार सज्ज केल्याचे कळले, आणि तिचे प्रयोजन काय, हे कोडे मला उलगडेना. कारण गाभा क्षेत्रात फिरावयाचे ते नोंदणीकृत जिप्सीतून, वाटाड्यासह, आणि तोवर धन्याच्या मोटारीने दरवानासारखे बाहेर ताटकळावयाचे. त्यापेक्षा रेल्वेने चंद्रपूर गाठून उद्यानाच्या प्रवेशद्वाराशी असलेल्या मोहर्लीची एसटी धरावी हेच श्रेयस्कर, कारण एसटीत शेजारी बाजारहाट आटोपून परतणारे ग्रामस्थ असतात आणि वाघ कोणत्या वळणावर दिसला याची वर्दी, सरकारी दप्तरात नोंद होण्यापूर्वीच, तिकिटाच्या दामांत पदरी पडते. तेव्हा वाचकहो, उद्यानाची मंगळवारची सुटी टाळा, जिप्सीचे आरक्षण आगाऊ करा आणि एसटीनेच जा.