भूतानचे सौरगणित संध्याकाळी सुटेल

बौद्ध राष्ट्र म्हणून भूतानविषयी आपण आपुलकीने बोलतो; तिथल्या विजेचा हिशेब मात्र फारसा पाहत नाही. देशाची जवळजवळ सगळी वीज नद्यांवर. पावसाळ्यात भूतान ती भारताला विकतो आणि हिवाळ्यात नद्या रोडावल्या की भारताकडूनच विकत घेतो; २०२२ पासून तर थेट वीज बाजारातून.

म्हणूनच सेफू येथे १७.३८ मेगावॉटचा पहिला मोठा सौर प्रकल्प हाती घेतला गेला. एकटा ताला जलविद्युत प्रकल्प १,०२० मेगावॉटचा, त्यापुढे हा आकडा किरकोळच. पण नद्या आटतात तेव्हाच आकाश निरभ्र असते, हे जमेचे.

अडचण दरात आहे. पावसाळ्यात वीज आधीच शिल्लक. हिवाळ्यात दुपारी भारतातली सौर वीज बाजारात स्वस्त मिळते. महाग असते ती संध्याकाळची, तेव्हा ऊन नसते. त्यामुळे नुसता पॅनेलचा भाव विचारून भागणार नाही, असे आम्हाला वाटते. दुपारी सौर वीज वापरून धरणातले पाणी संध्याकाळसाठी किती राखता येते, ते मोजायला हवे. तिथले बहुतेक प्रकल्प वाहत्या पाण्यावरचे, साठा काही तासांचाच. पण संध्याकाळची गरजही तेवढीच असते!

शिवाय कर्ज आहेच. पुनात्सांगछू-१ चे काम २००८ मध्ये सुरू झाले, डोंगर खचला, खर्च कितीतरी वाढला. सौर प्रकल्प तुकड्यातुकड्याने उभारता येतो. ग्रामीण घरांना दरमहा १०० युनिट मोफत देणाऱ्या सरकारला दुसरे पुनात्सांगछू परवडणारे नाही.