मांजराला कूळ कशाला?

ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ विचारू नये, असं आपले पूर्वज सांगून गेले. त्या यादीत मांजर घालायचं राहिलं, आणि तिथंच घोटाळा झाला.

अमेरिकेच्या ईशान्य टोकाला मेन नावाचं राज्य आहे. तिथल्या दणकट, झुपकेदार शेपटीच्या मांजराला 'मेन कून' म्हणतात. याचे पूर्वज कोण? तर म्हणे फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत! म्हणजे राणीसाहेब नव्हेत, त्यांची मांजरं. राणीला पळवून न्यायला क्लफ नावाचा कप्तान जहाज घेऊन सज्ज होता. १७९३ साली राणी गिलोटिनवर गेली आणि मांजरं तेवढी मेनला पोचली. एवढ्या पुराव्यावर आमच्या काउंटरवर कुणी वारसहक्क सांगितला असता, तर मी त्याला विड्रॉवल स्लिपसुद्धा दिली नसती.

दुसरी कथा रॅकूनची. शेपटीवर पट्टे दिसले की जमली पत्रिका! अहो, रॅकूनचं गोत्रच वेगळं. मांजराशी त्याची सोयरीक निसर्गालाच नामंजूर आहे.

खरा हिशेब सरळ आहे. जहाजावर धान्य, धान्यावर उंदीर, म्हणून जहाजावर मांजर. खलाशांबरोबर आलेली मांजरं मेनच्या बंदरांत उतरली, गोठ्यांत राहिली, उंदीर मारून पोट भरू लागली. तिथल्या थंडीत ज्यांची लव दाट आणि पंजे रुंद, ती टिकली. झालं, हेच कूळ!

१८९५ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधल्या प्रदर्शनात कोझी नावाच्या अशाच मांजरानं पहिला नंबर मारला. पुढं पर्शियन मांजरांची फॅशन आली आणि हे कामकरी मांजर मागं पडलं. कॅट फॅन्सिअर्स असोसिएशननं त्याला चॅम्पियनशिपचा दर्जा दिला तो १९७६ साली. म्हणजे ८१ वर्षं टेम्पररी! आमच्याकडचा चपराशीसुद्धा त्याआधी कायम होतो.

आणि कायम झाल्याबरोबर सोवळं सुरू. घराण्याबाहेर लग्न नाही. घरातल्या घरात लग्नं लावली की दोषही घरातच फिरतात. २००५ साली या जातीत हृदयाचे स्नायू जाड करणारा जनुकदोष सापडला. ज्यांच्या पूर्वजांनी बर्फात उघड्यावर दिवस काढले, त्या पिल्लांची आता जनुकतपासणी करावी लागते.

यात मांजराचा दोष काडीचा नाही. आपण राणीकडचे, असं ते कधी कुणाला म्हणालेलं नाही. वंशावळ मिरवणारा प्राणी दोन पायांचा. लग्नाच्या जाहिरातीत 'कुलीन' लिहितो आणि घरात उंदीर झाले की मांजर शोधत फिरतो.